आमच्याकडे आता बैल नाहीत

काल रात्रीपासून एकच ओळ डोक्यात फिरून राहिली आहे.

आमच्या ऑफिसातल्या मॅडमचे मेल कसे असतात ते माहीतच आहे. विषय, संदर्भ १, संदर्भ २, "माहिती अद्याप अप्राप्त आहे, विलंबास आपण व्यक्तिशः जबाबदार राहाल", आणि प्रत साहेबांना. दरवेळी प्रत साहेबांना! फोन करून दोन शब्द विचारले तर काय बिघडतं? इकडे काळ्या मातीत बूट फसून राहिले, तलाठी आणि ग्रामसेवकाला एकाच दिवशी एका बांधावर आणता आणता जीव जातो, त्यात पिकाचं नुकसान ३३ टक्क्यांच्या वर भरतं की खाली हे लिहिताना समोरच्या माणसाचं तोंड बघवत नाही. आणि वरून हे स्मरणपत्र. मी काय झोपून राहिलो का?

काल खांदशेकणी, पोळ्याचा आदला दिवस. बाबा पळसाच्या पानानं बैलांच्या खांद्याला हळद-तूप चोळत होते, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या" म्हणत होते, तेवढ्यात मेल वाजला. काय सुचलं कोणास ठाऊक, प्रतीतून साहेबांचं नाव काढून टाकलं आणि तिथंच गोठ्यात उभ्याउभ्या टाईप केलं, "मॅडम, माहितीला आज आवतण दिलं आहे, उद्या जेवायला येईल."

दहा मिनिटांत उत्तर. "आमच्याकडे आता बैल नाहीत."

बस. विषय नाही, संदर्भ नाही, खाली सही नाही.

राग आला असेल का? ऑफिसच्या मेलवर चावटपणा काऊन करता, असं? पण मग तसं लिहिलं असतं, त्या काही भीड धरत नाहीत. मी त्या 'आता'वर अडकलो. नुसतं नाहीत म्हटलं असतं तर वेगळं होतं. आता नाहीत म्हणजे होते. कधी विकले, का विकले? "काय झालं मॅडम" लिहिलं, खोडलं. "माफ करा" लिहिलं, तेही खोडलं. तीन वर्षं झाली, मॅडमचं गाव कोणतं हेही मला माहीत नाही. त्यांच्या घरच्याबद्दल ऑफिसात जे बोलतात ते... जाऊ द्या.

आज पोळ्यात तोरणाखाली आपली जोडी उभी होती, पोरं झडत्या, पोळ्याची गाणी, म्हणून राहिली होती आणि मी बाबांच्या हाताकडे बघत होतो. कासरा धरताना हात थरथरतो आता. पुढच्या वर्षीचं घरात कोणी बोलत नाही.

संध्याकाळी मेल आला. सुट्टीच्या दिवशी. स्मरणपत्र क्र. २, विलंबास व्यक्तिशः जबाबदार, प्रत साहेबांना. खरं सांगतो, इतकं बरं वाटलं! ताट बाजूला सारून चारही गावांचा तक्ता भरला, पाठवला. मग वेगळा एक मेल फक्त त्यांना, "उद्या तान्हा पोळा आहे, लेकराचा लाकडी नंदी घेऊन आमच्याकडे या. जेवायलाच या."

उत्तर नाही आलं अजून. आई विचारते, पुरण ठेवू का उद्यासाठी?

ठेव म्हटलं.