धावपट्टी कडेकडून मरते

३१ मे

मे संपत आला की विदर्भ-मराठवाड्यातल्या पडीक धावपट्ट्या डोळ्यांपुढे येतात. त्यांचं पुढचं वर्ष कसं जाणार हे याच आठवड्यात ठरतं. काळी माती वाळून आकसलेली असते. पट्टीच्या पोटाखालची माती ओल धरून असते, कडेची मात्र पार सुकते, म्हणून पहिली लांब भेग कडेला समांतर पडते. पाऊस त्या भेगेतून आत शिरला की तीच माती फुगते आणि कड उचलली जाते.

विमानांच्या वजनाने या पट्ट्या खचल्या नाहीत. वापरातलं डांबर चाकांखाली थोडं मळलं जातं. नुसतं उन्हात पडलेलं डांबर हवेने कडक होतं, करडं पडतं, खडी सोडू लागतं. सुटलेली खडी पंख्याच्या वाऱ्याने उडून पात्यालाच लागते, त्यामुळे वैमानिक अशी पट्टी टाळतो. वापर आणखी घटतो.

भेग भरायचं काम सोपं आहे, पण क्रम चुकला की वाया जातं. आधी गवत मुळासकट काढायचं, भेग खरवडायची, दाबाच्या हवेने धूळ उडवायची, पूर्ण कोरडी होऊ द्यायची आणि मग गरम रबरयुक्त डांबर ओतायचं. धुळीवर किंवा ओलीवर ओतलेलं डांबर पहिल्याच पावसाळ्यात कड सोडतं. लव्हाळ्याच्या गाठी आत राहिल्या तर कोंब पातळ थर फोडून वर येतो.

याहून जास्त दुर्लक्ष होतं ते साइडपट्टीकडे. ३० मीटर रुंद पट्टीला मध्यापासून दोन्हीकडे दीड टक्का उतार दिला, तर कड मध्यापेक्षा साडेबावीस सेंटिमीटर खाली येते. पाणी निघून जायला तेवढं पुरतं. पण कडेचं गवत गाळ धरतं, दरवर्षी थोडी माती चढते, आणि काही वर्षांत साइडपट्टीच डांबराच्या वर येते. मग पाणी कडेला तुंबतं आणि खालच्या मुरमात मुरतं. साइडपट्टी छिलून उतार परत काढणं आणि चर मोकळे करणं, एवढं दरवर्षी केलं तरी पट्टीचं आयुष्य कितीतरी वाढतं.

७ जून

पैशाचं गणितही मांडून ठेवतो. एटीआर-७२सारखं छोटं प्रवासी विमान उतरायचं तर आंतरराष्ट्रीय मापदंडाप्रमाणे अग्निशमनाची पाचवी श्रेणी लागते, म्हणजे नेहमीच्या बी दर्जाच्या फेसासाठी ५,४०० लिटर पाणी. दिवसाला एक विमान येवो की दहा, बंब आणि माणसं ठेवावीच लागतात. छोट्या गावाचा विमानतळ इथेच अडतो. छोट्या गावांना जोडायला काढलेली १९८१ची सरकारी विमान कंपनी वायुदूत १९९३ मध्ये इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. २००९ मध्ये नांदेड, लातूर, बारामती, यवतमाळ आणि उस्मानाबाद (आताचं धाराशिव) हे पाच विमानतळ एका खाजगी कंपनीला ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले गेले. यवतमाळला नियमित प्रवासी सेवा काही रुजली नाही. उडान या केंद्र सरकारच्या छोट्या शहरांसाठीच्या विमानसेवा योजनेतलं तोटा भरून देणारं अनुदानही ३ वर्षांचंच. मार्ग तेवढ्यात स्वतःच्या पायावर उभा राहिला नाही तर विमान दुसरीकडे जातं, पट्टी तिथेच राहते.

कुंपणाची तार गेली की गुरं येतात, सुगीत सोयाबीन वाळत पडतं, वेडी बाभूळ चरांतून पुढे सरकते. वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या विंडसॉकचं कापड फाटून नुसती कडी उरते.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते वेगळंच. पट्टी कायमची बंद झाली तर जुने आकडे आणि पट्टे पुसून, जास्तीत जास्त ३०० मीटर अंतराने पांढऱ्या फुल्या मारायच्या असतात. आकडे तसेच राहिले तर इंजिन बिघडून जागा शोधणाऱ्या वैमानिकाला वरून ती चांगली धावपट्टी दिसते. मध्येच उगवलेली बाभूळ आणि उचललेली कड त्याला फार उशिरा दिसते. फुल्यांना लागतात चार-दोन डबे रंग आणि दोन माणसांचा एक दिवस.