साडेतीन स्टारचा हिशेब

मराठी माणसाचं साडेतीनवर जुनं प्रेम आहे. मुहूर्त साडेतीन, शक्तिपीठं साडेतीन, पेशवाईतले शहाणेसुद्धा साडेतीन. त्यामुळे शुक्रवारी लागलेल्या मराठी चित्रपटाला शनिवारच्या पेपरात साडेतीन स्टार मिळाले, तर नवल करण्यासारखं काही नाही. चार दिले तर वाचक हसणार, तीन दिले तर निर्मात्याचा फोन येणार. साडेतीनात सगळ्यांचं भागतं. मग पदरचे पैसे घालून गेलेला प्रेक्षक बाहेर येऊन करवादतो, "या समीक्षकांना पिक्चरमधलं काय कळतं?" समीक्षकाचंही पालुपद ठरलेलं, पब्लिकची अभिरुचीच बिघडली आहे.

कुणाचं मत जास्त वजनाचं, हा वाद कायम तापलेला असतो. मला आधी वजनकाटाच तपासावासा वाटतो.

रॉटन टोमॅटोज या परीक्षणं गोळा करणाऱ्या संकेतस्थळाची टक्केवारी म्हणजे गुणांची सरासरी, असं समजून चालणारे पुष्कळ आहेत. प्रत्यक्षात ती नुसती शिरगणती आहे : किती टक्के समीक्षकांचं मत एकूणात अनुकूल पडलं. शंभर जणांनी 'बरा आहे' म्हणत दहापैकी सहा गुण दिले, तर चित्रपट १०० टक्के. दुसऱ्या चित्रपटाला पन्नास जणांनी पैकीच्या पैकी दिले आणि पन्नास जण वैतागून उठले, तर तो ५० टक्के, आणि ६०च्या खाली म्हणून त्या संकेतस्थळाच्या भाषेत 'सडका'. म्हणजे कुणालाच न खुपणारा चित्रपट अव्वल आणि अर्ध्या लोकांना वेड लावणारा नापास. मला विचाराल तर दुसऱ्याचं तिकीट आधी काढावं.

प्रेक्षकांच्या आकड्यांची तऱ्हा वेगळी. आयएमडीबी या चित्रपटांच्या संकेतस्थळावर गुण द्यायला तिकीट दाखवावं लागत नाही. मोठ्या हिरोच्या चित्रपटाला पहिल्या दिवशी दहा आणि एक यांचीच झुंबड उडते. दहा देणारे त्याच्या फॅन क्लबातले, एक देणारे शेजारच्या फॅन क्लबातले. ज्याला चित्रपट साडेसहा-सात गुणांचा वाटला, तो साधा प्रेक्षक घरी जाऊन, जेवून झोपलेला असतो. त्यातल्या त्यात अमेरिकेतल्या सिनेमास्कोर या प्रेक्षकांचा कौल घेणाऱ्या कंपनीची रीत बरी. एक विनोदी चित्रपट पाहून वैतागलेल्या एड मिन्ट्झ यांच्या कानावर दुसऱ्या प्रेक्षकाची कुरकुर पडली, की समीक्षक राहू देत, आमच्यासारख्यांचं मत कुणी सांगेल का? त्यातून १९७९मध्ये हा उद्योग सुरू झाला. पहिल्या दिवशी थिएटरमध्येच प्रेक्षकाच्या हाती कार्ड द्यायचं आणि ए प्लस ते एफ अशी श्रेणी काढायची. पण पहिल्याच दिवशी जो येतो, तो मुळात आवडून घ्यायच्या तयारीनेच येतो. म्हणून तिथे 'बी' मिळाला की निर्मात्याला काळजी लागते आणि 'सी' म्हणजे बोऱ्याच वाजला.

शिवाय समीक्षक आणि प्रेक्षक बऱ्याचदा एकच चित्रपट पाहत नाहीत, हे या वादात कुणी काढत नाही. डिजिटल प्रोजेक्शनच्या प्रमाणानुसार पडद्याच्या मध्यावर १४ फूट-लॅम्बर्ट, म्हणजे ४८ निट्स (ही उजेड मोजायची मापं) उजेड हवा. प्रेस शो सहसा जिथे होतो, तिथे तो असतो. तालुक्याच्या थिएटरात प्रोजेक्टरमधला झेनॉनचा दिवा मुदत उलटून गेली तरी बदललेला नसतो आणि उजेड निम्म्यावर येतो. दिवसाचे प्रसंग त्यातही खपून जातात. कंदिलाच्या उजेडात घडणारा प्रसंग मात्र नुसता राखाडी चिखल होतो. आवाजाचंही तेच. चित्रपटाचं मिक्सिंग फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची कळ, ७वर ठेवून ऐकलेलं असतं. थिएटरात जाहिराती कानठळ्या बसवतात, कुणीतरी तक्रार करतो, ऑपरेटर फेडर ५च्या खाली आणतो आणि चित्रपट सुरू झाल्यावर परत चढवायचं राहून जातं. मग एसीच्या घरघरीत हळू बोललेले संवाद विरून जातात. समीक्षक लिहितो 'संयत अभिनय', प्रेक्षक म्हणतो, 'काय बोलत होते तेच कळलं नाही.' दोघंही खरंच बोलत असतात.

सोबतीनेही फरक पडतो. १९६७मध्ये अमेरिकेतल्या 'न्यूजवीक'चे समीक्षक जो मॉर्गनस्टर्न यांनी 'बॉनी अँड क्लाइड'ची चामडी सोलली. मग तोच चित्रपट ते साध्या गर्दीत बसून पुन्हा पाहून आले आणि पुढच्याच आठवड्यात त्याच नियतकालिकात आपलं मत फिरवलं. आपल्याकडे मराठी समीक्षकाने असं कधी करावं? प्रीमियरला त्याच्या पुढच्याच रांगेत दिग्दर्शक बसलेला असतो, मध्यंतरात वडा त्याच्याच हातून मिळतो.

त्यातून मग साचा तयार होतो. साडेतीनशे-चारशे शब्दांतले निम्मे कथेत जातात. उरलेल्यांत सगळ्यांनी आपापल्या भूमिका चोख बजावलेल्या, छायाचित्रण नेत्रसुखद, संगीत श्रवणीय आणि शेवटी 'एकदा पाहायला हरकत नाही'. छायाचित्रण नेत्रसुखद आहे म्हणजे कोकण दिसतं, एवढंच त्यातून कळतं. उजेड खिडकीतून येतो की मुद्दाम मारलाय, कॅमेरा कुणाच्या उंचीवर ठेवलाय, कोणता प्रसंग दोन मिनिटं आधी कापायला हवा होता, यातलं एक जरी परीक्षणात सापडलं तरी ते नीट वाचावं, स्टार कितीही असोत.

समीक्षकांची फजिती सांगायची म्हटली की 'शोले' निघतोच. १५ ऑगस्ट १९७५ला लागला, परीक्षणं वाईट आली आणि मुंबईच्या मिनर्व्हात पाच वर्षं चालला. पण तेव्हा धंद्यातल्या जाणत्यांनीही तो पडला असंच धरलं होतं आणि निर्मात्यांनी शेवट बदलायचा विचारसुद्धा करून पाहिला होता. फिल्मफेअरला त्याला एकच पारितोषिक मिळालं, तेही संकलनाचं, एम. एस. शिंद्यांना. आपले शिंदे, हे सांगायला मला नेहमीच बरं वाटतं! उलट १९९४चा 'अंदाज अपना अपना' प्रेक्षकांनीच नाकारला आणि पुढे टीव्हीवर बघून बघून प्रेक्षकांनीच डोक्यावर घेतला.

समीक्षकाची खरी गरज भासते ती छोट्या चित्रपटाला. मल्टिप्लेक्समधले खेळ आठवड्याच्या बोलीने मिळतात. शनिवारी कुणी चित्रपट पाहिला, सोमवारी ऑफिसात डबा खाताना सांगितला, ऐकणाऱ्याने पुढच्या शनिवारचा बेत केला. तोवर सोमवारच्या रिकाम्या खुर्च्या मोजून थिएटरवाल्याने खेळ सकाळी अकराला ढकललेला असतो, नाहीतर काढूनच टाकलेला. तोंडी प्रसिद्धीला आठवडा लागतो आणि चित्रपटाच्या हातात चारच दिवस असतात. ही फट शनिवारचं परीक्षणच बुजवू शकतं. हिरोच्या दोनशे कोटींच्या चित्रपटाला त्याने काडीचाही फरक पडत नाही.

'कोर्ट'चंच बघा. व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवातली पारितोषिकं आणि मग राष्ट्रीय पुरस्कार, एवढी शिदोरी घेऊन तो एप्रिल २०१५मध्ये आपल्या थिएटरांत आला. त्यात शेवटाकडे न्यायालयाला सुट्टी लागते, खोली रिकामी होते, दिवे मालवले जातात आणि पडदा काळा होतो. इथे पर्स आणि पाण्याच्या बाटल्या शोधायला सुरुवात होते. चित्रपट मात्र अजून बाकी असतो आणि जे म्हणायचंय ते त्या उरलेल्या भागात आहे. 'अंधार झाला तरी उठू नका' एवढं जरी परीक्षणाने सांगितलं, तरी त्याचं काम झालं.

तेव्हा स्टार सोडावेत आणि समीक्षक पारखून ठेवावा. आपण पाहिलेले पाच-सहा चित्रपट घ्यावेत, दोन आवडलेले, दोन न आवडलेले, एखादा झोप आणणारा, आणि त्यांची त्याने केलेली जुनी परीक्षणं वाचावीत. आपल्याशी पटतो की नाही याला महत्त्व कमी. त्याचं न पटणं एकाच दिशेचं आहे का, ते पाहावं. कधी इकडे कधी तिकडे झुकणारा काही कामाचा नाही. ज्याची आवड आपल्या नेमकी उलटी आहे आणि वर्षानुवर्षं तशीच आहे, असा समीक्षक सापडला तर भाग्यच. त्याने दीड स्टार दिला की बिनधास्त कोपऱ्यातली सीट पकडावी.