'प्रहार'च्या मेजरची बाजू, बेळगावात

कोगनोळीचा नाका ओलांडला की पाट्या कन्नड होतात, गप्पा मात्र मराठीतच राहतात. निपाणी, संकेश्वर मागे टाकत बेळगावात मामांकडे पोचलो. संध्याकाळी त्यांच्या स्कूटरवर मागे बसून कॅम्पात गेलो. जुनी मोठी झाडं, कौलारू बंगले, गर्दी नाहीच. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र १९२२ पासून याच गावात आहे आणि लष्कराची कमांडो शाळाही इथलीच. साहजिकच विषय 'प्रहार' या सिनेमावर गेला.

"बघितलाय की! खरं त्यात नुसती ट्रेनिंग आणि मारामारी रे," मामा म्हणाले.

इथं माझं आणि मामांचं बिनसलं. १९९१चा हा सिनेमा नाना पाटेकरनं स्वतः दिग्दर्शित केला, त्यासाठी मराठा लाइट इन्फन्ट्रीत प्रशिक्षणही घेतलं. लोकांच्या लक्षात राहिला तो 'तिरंगा', 'क्रांतिवीर'मधला गरजणारा नाना. 'प्रहार'मधला मेजर चव्हाण फार कमी बोलतो, म्हणूनच बहुधा मागे पडला.

खरा सिनेमा बेळगावातून मुंबईला गेल्यावर सुरू होतो. मेजरचा शिष्य पीटर (गौतम जोगळेकर) कारवाईत पाय गमावून घरी परतलेला. त्याच्या लग्नाला मेजर येतो, तर पीटरच उरलेला नसतो. हप्ता मागणाऱ्या गुंडांनी त्याला मारलेलं असतं. वस्तीतल्या सगळ्यांना ते ठाऊक असतं, बोलत कुणीच नाही. दुसऱ्या एखाद्या दिग्दर्शकानं इथंच हाणामारी सुरू केली असती. नाना मेजरला त्या वस्तीत राहायला लावतो. पीटरच्या बापाच्या भूमिकेत हबीब तन्वीर आहेत. मुलगा गेलेला म्हातारा त्यांनी इतका साधा उभा केलाय की त्यांच्यासमोर मेजरची सगळी शिस्त निरुपयोगी वाटते. माधुरी दीक्षित आणि डिंपल कपाडिया मेकअपशिवाय वावरतात. माधुरीच्या गाजलेल्या भूमिकांच्या यादीत ही शर्ली कुणी धरत नाही, हे मला अजून खटकतं.

आणि मेजर? शत्रू समोर असला की काय करायचं हे त्याला पाठ आहे. घाबरलेल्या शेजाऱ्याशी काय बोलायचं, हे कुठल्या कोर्सात शिकवलेलं नाही. नानाच्या चेहऱ्यावरचं ते अवघडलेपण पाहा, मग मारामारी आठवा.

कपिलेश्वराचं दर्शन उरकून आम्ही बाजारात कुंदा घेतला. (दोन डबे. एक वाटेतच संपणार होता.) मामा अजून अडून होते. "शेवटाला कायदा हातात घेतो की तो. ते बरं काय?"

बरं नाहीच. सिनेमाही तसं म्हणत नाही. मेजरवर खटला चालतो आणि त्याची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात होते. शेवट मलाही भाषणबाज वाटतो. पण तेवढ्यासाठी हबीब तन्वीरना बाजूला सारायला मी तयार नाही.

"बरं, रात्री लाव परत," मामा म्हणाले, "खरं ट्रेनिंगपासनं लाव हं."