दोन लाल

मंगळवार, रात्री उशिरा.

परवा जॅकेटच्या कापडाला बाण्याचं, म्हणजे आडव्या धाग्याचं, सूत कमी पडणार हे कळलं आणि मांडी घालून मागापुढेच बसून राहिले. हिशोब चोख होता: इंचाला १६ धागे, ४०० ग्रॅम. पण माझा हात जड. आडवे धागे दाबून बसवणारी फणी ठोकते ती जीव खाऊन. मोजलं तर इंचाला १८ पडलेत. म्हणजे ५० ग्रॅम जास्त लागणार, आणि तेही त्याच लाल रंगाचं.

त्याच लाल! पहिल्या खेपेला काय जपलं होतं. सूत धुण्याच्या सोड्यात उकळून मेण-तेल काढलं, हिरड्याच्या पाण्यात ठेवलं, मग तुरटी, आणि शेवटी लाल रंग देणारी मुळं, मंजिष्ठा, सुताच्या वजनाइतकी. सुती धाग्याला हिरड्याशिवाय तुरटी नीट धरत नाही, हे एकदा फिकट गुलाबी फजिती झाल्यावर शिकले. थर्मामीटर हातात धरून पाणी ६५ अंशांवर ठेवलं होतं.

काल दुपारी ६० ग्रॅम सुताची नवी लड तशीच तयार करून रंगात टाकली. मधे फोन आला. परत येऊन बघते तर पातेलं खदखदतंय. मंजिष्ठा ७० च्या वर गेली की मुळांतला तपकिरी रंग उतरायला लागतो, आणि एकदा धाग्यात बसला की बसला. ओली असताना मनाची समजूत घातली, वाळल्यावर उजळेल. वाळून उजळली, पण विटेकडे झुकली. पहिली लड डाळिंबाच्या दाण्यासारखी आहे. शेजारी ठेवल्या की सावत्र बहिणी.

पुन्हा रंगवायला मंजिष्ठा उरलेली नाही. थेट नवं सूत घातलं तर जॅकेटच्या पाठीवर पट्टा दिसणार, आणि तो पट्टा मलाच सगळ्यांत आधी दिसणार.

म्हणून शेवटचे चार इंच उलगडले. (विणायला एक तास, काढायला दोन.) आता आडवा धागा इकडून तिकडे नेणारे दोन धोटे घेतलेत: एक फेक जुन्या लालची, एक नव्याची. काठाशी दोन्ही धागे एकमेकांत अडकवून घ्यावे लागतात, नाहीतर किनारीला फासे लोंबतात. पहिल्या दहा-बारा फेकींत तीनदा विसरले.

दिव्याखाली पाहिलं. सीमा दिसत नाही. उद्या उजेडात बघेन. हातही जरा हलका ठेवायला हवा, जुन्या लालच्या दोनच कांड्या उरल्यात.