मिनी ट्रेनचा तोटा

नेरळचा आहे म्हटलं की लोक हमखास विचारतात, "तुमची ती नेरळ-माथेरान मिनी ट्रेन तोट्यात चालते ना? मग सरकारनं तिच्यावर पैसे कशाला घालायचे? आता तर माथेरानच्या वेशीवर, दस्तुरीपर्यंत टॅक्सी जाते."

जाते. आणि तोटाही होतो, त्यात लपवायचं काय? दोन फुटी रुळांवरून २१ किलोमीटरला दोन-अडीच तास घेणारी गाडी, मोजकेच डबे, त्यात पावसाळाभर नेरळहून बंद. नफा व्हायचा कुठून?

माझे वडील या गाडीवर ब्रेकवाले होते. डब्याच्या टोकाला उभं राहायचं, ड्रायव्हरनं हॉर्न दिला की चाक फिरवून ब्रेक आवळायचा, पुढचा हॉर्न आला की सोडायचा. उताराच्या फेरीला हाताला उसंत नसायची. घरी आले की आधी तळहाताला खोबरेल चोळत बसायचे, मग चहा. एवढ्याशा गाडीला इतकी माणसं कशाला, असं तेव्हाही लोक विचारायचेच. २०१६ च्या मे महिन्यात दस्तुरीशेजारच्या अमन लॉज स्टेशनाजवळ आठवडाभरात दोनदा डबे घसरले आणि गाडी बंद झाली. ती पुन्हा सुरू होताना एअर ब्रेक, म्हणजे हवेच्या दाबावर चालणारे ब्रेक आले.

पैसे निघतात ते असे, घडून गेल्यावर. माझं भांडण त्याच्याशी आहे. २००५ च्या २६ जुलैला मार्ग वाहून गेला, २००७ उजाडलं. २०१९ च्या पावसात पुन्हा तेच, आणि नेरळहून थेट माथेरानला गाडी जायला २०२२ चा ऑक्टोबर लागला. त्या बंदच्या काळात मी वाटेतल्या जुम्मापट्टी स्टेशनाच्या वर चालत गेलो होतो. एका वळणावर खालची खडी पार गेलेली, रूळ स्लीपरांसकट शिडीसारखे अधांतरी लोंबत होते. शेजारी रुळाखालून पाणी जायला मोरी असते, तिचं तोंड डोंगरानं आणलेल्या दगडांनी बुजलेलं. पाण्यानं सरळ रुळाखालून वाट काढली होती. त्या पाण्याला ती मोरी पुरणारच नव्हती.

आता मोठ्या काचांचा विस्टाडोम डबा आलाय. छान आहे, मीही काचेतून फोटो काढले. पण त्याची फीत कापायला माणसं जमतात, मोरी रुंद केली तर कोण येणार?

काहीजण म्हणतात, खासगीला द्या. पीरभॉय पितापुत्रांनी स्वतःचे १६ लाख घालून १९०७ साली ही गाडी सुरू केलीच होती की! केली, मान्य. पण दरड कोसळून तीन वर्षं तिकीटच फाटलं नाही, तर आजचा कुठला ठेकेदार थांबेल? शिवाय दस्तुरीच्या पुढे खासगी मोटारीला बंदी. पर्यटक हौसेनं घोड्यावर बसतो, पण गुडघे गेलेल्या माथेरानकरणीला अमन लॉज ते माथेरान ये-जा करणारी छोटी गाडी, शटलच सोयीची. तिच्या हिशेबात हौसेचा रकाना नाही.

म्हणून माझं मत विचाराल तर गाडी रेल्वेनं चालवावी, आणि डोंगराचं पाणी, मोऱ्या, संरक्षक भिंती यांचा खर्च राज्यानं उचलावा, दरवर्षी, पावसाच्या आधी. माथेरानच्या पर्यटनाचा फायदा राज्यालाच होतो.

पटत नसेल तर मे महिन्यात या. गाडीत नाही बसायचं, रुळाच्या कडेनं चालायचं. चांगले बूट घाला, मोऱ्या मी दाखवतो.