आतल्या जोडीतला टायर

टायर पुढचे मागं, मागचे पुढं असे फिरवून आणले आणि गाडी भटकायला लागली, की दोष टायरवाल्याचा. हायवेवर हा निकाल ठरलेलाच असतो. त्या सकाळी मीही तोच दिला, हातातला चहा संपायच्या आत.

गाडी म्हणजे दहा टायरी ट्रक. कोल्हापूरहून गूळ भरून गुजरातेत उतरवणारी, कराडला आमच्या गॅरेजवर नेहमी येणारी. ड्रायव्हर मामा खाली उतरले तेच खांदे चोळत. "मिस्त्री, गाडी दारू प्यायल्यागत चालतीया. डावीकडं निघाली म्हणून जरा उजवीकडं घ्यावी, तर तिकडंच पळतीया. खंबाटकीत देव आठवला बघा." दोन दिवसांपूर्वी शेठनी पुढचे दोन्ही टायर मागं आणि मागचे दोन पुढं घ्यायला लावले होते. तेव्हापासून हे सुरू. मामांनी टायरवाल्याची मजुरी अडवून ठेवली होती आणि वाटेत एका गॅरेजमध्ये स्टेअरिंग बॉक्स 'टाइट' करून घेतला होता.

हे बॉक्स टाइट करणं म्हणजे आमच्या धंद्यातली तापावरची गोळी. वरचा लॉक नट सैल करायचा, स्क्रू अर्धा आटा आवळायचा, स्टेअरिंगचा प्ले, म्हणजे ढिलाई, लगेच कमी लागतो, गिऱ्हाईक खूश. पण जास्त आवळलं की वळण संपल्यावर स्टेअरिंग आपणहून मागं फिरत नाही. ड्रायव्हर हातानं फिरवतो, ते जास्त फिरतं, मग परत उलटं. आधी भटकणारी गाडी आता दुप्पट भटकते. काजळीनं माखलेल्या बॉक्सवर तेवढा एक नट नव्यासारखा चमकत होता. पहिलं काम तो स्क्रू जागेवर आणायचं केलं.

मग हवा. पुढच्या एका टायरात ११०, दुसऱ्यात ८५. हे मात्र टायरवाल्याचंच. दोन्हीकडे सारखी केली आणि मलकापूरच्या पुढपर्यंत चक्कर मारली. फरक पडला, पण साठच्या वर गेलं की पुन्हा तेच लहरणं.

तेव्हा मी माझा हुकमी डाव टाकला. मागं गेलेले जुने टायर काढून परत पुढं लावले. गाडी सुतासारखी सरळ! मामांनी मांडीवर थाप मारली. "बघा, टायरच!" मी शेठना फोन लावून सांगितलंही, की मागचे टायर पुढं चालणार नाहीत, नवीन दोन घ्या. माझ्या लेखी विषय संपला होता.

आमचा पोरगा तोवर पुढच्या टायरवरचा चिखल पुसत होता. "दादा, हा हाताला लागतोय." मी तळवा फिरवला. डाव्या टायरवर आतून बाहेर हात नेला तर गुळगुळीत. बाहेरून आत आणला तर करवत. आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा चांगलीच खाल्लेली. चाक सरळ न चालता पुढून बाहेर फाकून घासत चाललं की टायर असा होतो. हा टायर सगळं सांगत होता, पण दोन दिवस तो मागच्या जोडीत आतल्या बाजूला बसला होता. तिथं कोण बघतो? मी स्वतःच तो तिथून काढला होता आणि न बघता पुढं लावला होता.

म्हणजे दोष टायर फिरवल्यानं आलेला नव्हता, तो आधीपासूनच होता. जुना टायर त्या वाकड्या चाकाशी जुळवून झिजलेला, रबर पातळ, त्यामुळे ढिलाई हाताला कळत नव्हती. मागून आलेल्या टायरची नक्षी उंच, गुटके वाकणारे. ती ढिलाई त्यांनी उघडी पाडली. परत लावून बघायची माझी परीक्षा मलाच चकवून गेली.

इंजिन चालू ठेवून मामांना स्टेअरिंग थोडं थोडं डावं-उजवं करायला लावलं आणि मी खाली पडून एकेका सांध्यावर हात ठेवला. स्टेअरिंगपासून चाकापर्यंतचे दांडे आणि सांधे, म्हणजे ड्रॉप आर्म, ड्रॅग लिंक, टायरॉडचे दोन्ही बॉल, सगळं ठीक. मग ॲक्सल जॅकवर घेतला, टायरखाली टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, घालून उचकटलं. डावं चाक हललं. आता हे बेअरिंग, की पुढचं चाक जिच्यावर डावं-उजवं वळतं ती उभी पिन, किंगपिन? मामांना म्हटलं, ब्रेक दाबून धरा. ब्रेक लागला की ड्रम जखडतो, बेअरिंगचा प्ले असेल तर तो गायब होतो. चाक तरीही हलत होतं. किंगपिन.

पिन काढायला अर्धा दिवस गेला. पिन अडकवून ठेवणारा कॉटर निघाला, पिन निघेना. गॅसनं तापवली, घण घातले, दोघंजण आलटून पालटून. बाहेर आली तेव्हा खालच्या बाजूला नख अडकेल एवढी पायरी पडलेली, तिच्याभोवतीचं बुश, म्हणजे नळी, लंबगोल. ग्रीसच्या खोबणीत ग्रीस नाही, विटेच्या भुकटीसारखा तांबडा गंज. नवीन बुश ठोकले, वरचा-खालचा एका रेषेत रीमर फिरवला, शिमच्या पातळ चकत्या घातल्या, टो-इन, म्हणजे चाकांचा पुढून आत कल, मिलिमीटर-दोन मिलिमीटर ठेवलं. मागचे टायर परत पुढं लावले. ऐंशीला मामा एका हातानं चालवत होते.

२०१८ साली तीन ॲक्सलच्या, म्हणजे अशाच दहा टायरी, गाडीची एकूण वजनमर्यादा २५ वरून २८.५ टन झाली. जुन्या गाड्यांचे मालक तोच आकडा धरून भरतात, आणि तो भार शेवटी या मनगटाएवढ्या पिनेवरही येतो. शेठना फोनवर मी हेच कारण दिलं. कारण खोटं नाही.

पण त्या पिनेचं ग्रीस भरायचं खालचं निप्पल वाळलेल्या चिखलानं बुजलेलं होतं, आणि दोन महिन्यांपूर्वी या गाडीचं ग्रीसिंग आमच्याकडेच झालं होतं. ॲक्सलवर वजन असताना किंगपिनमध्ये ग्रीस सगळीकडं पोचत नाही; चाक अधांतरी करून मारावं लागतं. हे मला माहीत आहे. पोरांना घाईत गाडी खालीच ठेवून गन फिरवताना मी शंभरदा बघितलंय आणि काही बोललेलो नाही. बिलात किंगपिनचं किट लावलं, मजुरी निम्मी केली. निम्मी का, ते शेठना सांगितलं नाही.

टायरवाल्याचे अडकलेले पैसे मामांकडून मी देववले. दुसऱ्या दिवशी तो चहाला आला.

"काय निघालं मग?"

"किंगपिन."

"सुकली होती?"

मी हो म्हटलं. त्यानं बशीत चहा ओतला, फुंकर घातली. "ग्रीसिंग कुठं करायचा तो?"

मी पोराला आणखी एक चहा आणायला पाठवलं.