सिनेमा नक्की कधी बदलला? तुम्ही विचारलंत म्हणून

मी बडोद्यात एका सिंगल स्क्रीनला एकवीस वर्षं केबिनमध्ये प्रोजेक्टर चालवणारा ऑपरेटर होतो हे कळलं की लोक हमखास विचारतात, काका, सिनेमात सगळ्यात मोठा बदल कोणता हो, मुका होता तो बोलायला लागला तो, की रंग आले तो? तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, केबिनमधून बघाल तर दोन्ही नाही. भोकं गेली, तो.

फिल्मच्या कडेची भोकं हो. 35 मिलिमीटरची पट्टी, एका फ्रेमला दोन्ही बाजूंना चार-चार, हे माप एडिसनच्या वेळचं, 1890च्या दशकातलं, आणि मी केबिनमध्ये चढलो तेव्हाही तेच! मधे काय काय होऊन गेलं बघा ना. दादासाहेब फाळके आमच्या इथल्या कलाभवनात शिकलेले (आता तिथे इंजिनीअरिंगची पोरं असतात, त्यातल्या किती जणांना हे माहितीय देव जाणे), त्यांनी 1912 साली लंडनहून कॅमेरा आणला, कुंडीतल्या वाटाण्याला कोंब फुटताना एकेक फ्रेम करून टिपला, आणि कोरी फिल्म यायची ती बिनभोकांची, तर त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई घरातलं सगळं आवरून रात्री अंधारात बसून तिला भोकं पाडायच्या. फाळके सगळ्यांना पाठ आहेत, त्या बाईंचं नाव कोणी घेत नाही. 1913 मध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला, 1931 मध्ये 'आलम आरा' बोलला. बोलपटाबरोबर पट्टीच्या कडेला आवाजाची बारीक रेघ आली आणि वेग पक्का झाला, सेकंदाला 24 फ्रेम, कारण मुक्या चित्रात हँडल फिरवणाऱ्याचा हात मागेपुढे झाला तरी चालून जायचं, आवाज मात्र लगेच रेकतो. मग रंग आले, स्कोप, म्हणजे रुंद पडद्याचं चित्र, आला. भोकं तीच.

आमचं काम काय, तर दोन मशीन, एक रीळ वीसेक मिनिटांचं, ते संपत आलं की पडद्यावर उजवीकडे वरच्या कोपऱ्यात गोल ठिपका येतो, पहिल्या ठिपक्याला दुसऱ्या मशीनची मोटर चालू, सातेक सेकंदांनी दुसरा ठिपका, की चेंजओव्हर, म्हणजे चित्र या मशीनवरून त्या मशीनवर. शिवाय मशीनमध्ये उजेडासाठी कार्बनच्या दोन कांड्या जळत असतात त्यांच्यातलं अंतर काळ्या काचेतून बघत सारखं सांभाळायचं, नाहीतर पडदा पिवळा पडतो आणि खालून शिट्ट्या. एकदा दुपारच्या शोला मी सहाव्याच्या जागी सातवं रीळ लावलं, मेलेला माणूस वीस मिनिटांनी परत येऊन जेवायला बसला. शेठ घामाघूम. पब्लिकला वाटलं फ्लॅशबॅक आहे, एकानंही पैसे परत मागितले नाहीत.

मग फिल्मच्या जागी हार्डडिस्क आली. पेटीतून येते, कॉम्प्युटरला जोडायची, फाइलला कुलूप असतं आणि त्याची डिजिटल किल्ली वेगळी येते, तीही तारीख-वेळ घातलेली. एका शुक्रवारी सिनेमा आला, किल्लीच आली नाही, बाहेर पब्लिक, आत मी, आणि हातात करण्यासारखं काही म्हणजे काहीच नाही. फिल्म तुटली असती तर खरवडून, सिमेंट म्हणजे फिल्म चिकटवायचं द्रावण लावून दोन मिनिटांत जोडली असती.

पण फिल्मसाठी गळा काढणारे बहुतेक कधी केबिनमध्ये चढलेले नसतात, मे महिन्यात त्या कार्बनच्या धुरात उभं राहून दाखवा. आताचं चित्र स्वच्छ असतं, ओरखडा नाही, पहिल्या दिवशीचं तसंच पन्नासाव्या दिवशी. मला बरंच वाटतं.

घरी एक तुकडा ठेवलाय, बरोबर 24 फ्रेमचा. दीड फूट भरतो, म्हणजे एक हात. नातवाला सांगितलं, बाळा, हा एक सेकंद. त्यानं कोपरापासून बोटापर्यंत लावून बघितला, त्याच्या हाताला उरला, मग खिडकीपाशी उजेडात धरला आणि म्हणाला, आजोबा, सगळं गुलाबीच दिसतंय. जुन्या प्रिंटचं तसंच होतं, बाकीचे रंग उडतात आणि लाल तेवढा राहतो. हिरोइनची साडी हिरवी होती, मला आठवतंय.